लक्ष्मीपूजनाला कुत्र्याला उजेडातच फिरवून आणा

साताऱ्यात लक्ष्मीपूजनाला अंधार पडला की फटाक्यांच्या माळा सुरू होतात आणि आवाज अजिंक्यतारा किल्ल्याकडून परत घुमतो. आमची कुत्री राणी तेव्हा पलंगाखाली शिरते, कान मागे, सगळं अंग थरथरतं, पाण्यालाही तोंड लावत नाही. म्हणून उजेड असतानाच साखळी लावून फिरवून आणा, पोटभर जेवू घाला. आतल्या खोलीत खिडक्या लावून तुमच्या वापरातली गोधडी अंथरा, पंखा मोठा ठेवा. लपलं तर ओढून काढू नका. जवळ बसा, हवं असेल तर कुरवाळा. लाडाने भीती वाढते हा गैरसमज आहे. माणसांची झोपेची गोळी कधीच देऊ नका, आठवडाभर आधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. आणि गळपट्ट्यावर फोन नंबर लिहाच, बिथरलेलं कुत्रं उघड्या दारातून क्षणात पळतं.