रिकामा टब मागणाऱ्याला काय द्यायचं? टॉकीजच्या कँटीनवर नवीन लागणाऱ्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, दोन पडद्यांच्या टॉकीजमध्ये मी कँटीनवर लागले त्याला आता चार वर्षं होतील. सध्या संध्याकाळची शिफ्ट माझ्याकडे असते. कापूस घरात यायला लागला की गर्दी वाढते, आणि त्याच्या थोडं आधी बारावी झालेली चार-पाच पोरं-पोरी नवीन घेतात. दरवर्षी त्यातल्या एकाचा तरी पहिला पगार कापला जातो. माझाही कापला होता, १,३२० रुपये. घरी काय सांगू म्हणून मी दोन दिवस पगार झालाच नाही असं सांगत राहिले. त्या दोन दिवसांची आठवण अजून जात नाही, म्हणून हे लिहिते.

मशीन चालवणं, बिल फाडणं, युपीआयचा आवाज आल्याशिवाय माल न देणं, हे सगळं दोन-तीन दिवसांत हातात बसतं. त्याची धास्ती घेऊ नका. धास्ती घ्यायची ती पॉपकॉर्नच्या कागदी टबाची.

हे नीट समजून घ्या, कारण मला कुणी समजावलं नव्हतं. कँटीनचा हिशेब मक्यावर चालत नाही, टबावर चालतो. मक्याचा दाणा साधारण १८० अंशांना फुटतो आणि फुगून ३०-४० पट होतो. पण एका किलोतून किती टब भरतील हे रोज वेगळं. दाणा जुना असला, पोतं उघडं राहून आतला ओलावा उडाला असला की गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, जास्त राहतात. एकजण टब शिगोशीग भरतो, दुसरा हलक्या हातानं. अशा मालाचा हिशेब कोण ठेवणार? टब मात्र नगावर येतो, नगावर मोजता येतो. म्हणून सकाळी गठ्ठे मोजतात, दिवसभरात नवीन गठ्ठा फोडला तर तो लिहितात, रात्री उरलेले मोजतात. समजा सकाळी मोठे टब १८० होते, मधे ५० चा एक गठ्ठा आला, रात्री ९४ उरले. म्हणजे १३६ गेले. बिलात १३० दिसत असतील आणि फाटलेला, तेल सांडलेला असा एकही टब वेस्टेजच्या रजिस्टरला चढवलेला नसेल, तर सहा टब शॉर्ट. त्या सहांची किंमत कोऱ्या टबाची धरत नाहीत, भरलेल्या टबाची धरतात. रिकामा टब काउंटरच्या बाहेर गेला म्हणजे कुणीतरी पॉपकॉर्न भरून दिलं आणि पैसे खिशात घातले, असंच रजिस्टर बोलतं. तुम्ही तो कुणाला, कशासाठी दिला हे सांगायला रजिस्टरात रकाना नाही.

आता माझ्यावर आलेला प्रसंग. तान्हा पोळ्याची संध्याकाळ. लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरलेली पोरं, हातात बोजाऱ्याची, म्हणजे घरोघर मिळालेली नाणी, आणि सगळा गाव पिक्चरला. मला लागून १९ दिवस झाले होते. इंटरव्हलला एक कुटुंब आलं. आजोबा, मुलगा-सून आणि पाच लेकरं. मुलानं एक मोठा टब घेतला, पैसे दिले आणि म्हणाला, "ताई, दोन खाली डबे द्या नं. पोट्टे भांडून राह्यले." मागे ती पोरं टबात हात घालून खरंच भांडत होती, लहानीच्या गालाला मीठ लागलेलं. मी दोन टब दिले. रांगेतल्या बाकीच्यांनी ते पाहिलं. मग काय, "त्याले देल्ले तं आम्हाले काहून नाही?" त्या पंधरा मिनिटांत मी आणखी सात रिकामे टब दिले. एकूण नऊ. मला वाटलं मी लोकांचं मन राखलं.

रात्री अकरा टब शॉर्ट निघाले. १२० रुपयांप्रमाणे १,३२०.

नऊ मला आठवत होते. उरलेले दोन कुठे गेले हे कळायला महिना लागला, आणि ही गोष्ट तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. टब एकात एक घातलेले येतात. पावसाळी हवेत कागद दमट होतो आणि दोन टब एकमेकांत असे रुतून बसतात की घाईत एकच वाटतो. तुम्ही एक म्हणून उचलता, भरता, देता. गिऱ्हाइकाच्या हातात दोन जातात. ओळखायची खूण: टबाच्या वरच्या कडेला कागदाची गुंडाळलेली गोल पट्टी असते. त्या पट्टीवरून अंगठ्याचं नख खाली ओढा. एकदा अडकलं तर एक टब, दोनदा अडकलं तर दोन. मी आता प्रत्येक टबाला नख लावते, हाऊसफुल्ल असला तरी. अर्धा सेकंद लागतो. गठ्ठा ताब्यात घेतानाही वरून अंदाज धरू नका. काउंटरवर आडवा टाका आणि कडा मोजा. मोजल्याशिवाय आधीच्या शिफ्टच्या माणसासमोर सही करू नका. "आपलाच माणूस आहे, काय मोजतं" असं म्हणणाऱ्यासमोर तर दोनदा मोजा.

मग रिकामा टब मागितला तर द्यायचं काय? "मिळत नाही" एवढंच म्हणून मोकळं व्हायला मी कुणालाच शिकवत नाही. आमच्याकडे माणूस वीस किलोमीटरवरून भाड्याची गाडी करून येतो. सोबत बायको, साळा, साळ्याची पोरं. त्या सगळ्यांसमोर त्यानं १२० रुपये मोजलेले असतात, आणि एका कागदी डब्यासाठी त्याला नाही ऐकावं लागतं. तो चिडतो ते डब्यासाठी नाही, पाहुण्यांसमोर मान गेली म्हणून. हे लक्षात ठेवलं तर तुमचा आवाज आपोआप खाली येतो.

द्यायचं ते मोजणीत नसलेलं काहीतरी. आमच्याकडे खाण्याच्या कागदाची छोटी पाकिटं आता कायम असतात, समोशाची असतात ना, तीच. मागणी आली की चार पाकिटं पुढे करायची आणि आधी बोलायचं ते हेच: "दादा, हे पाकीट घ्या, पाहिजे तितके घ्या, टब मोजणीचे असतात." आधी देणं, मग कारण. उलट केलं की कारण ऐकायला कोणी थांबत नाही. तुमच्या टॉकीजमध्ये पाकिटं नसतील तर मॅनेजरला मागा. एका टबाच्या किमतीत ढीगभर येतात. मी मागितली तेव्हा लगेच नाही मिळाली. दोन महिने पाण्याचे कागदी ग्लास देऊन भागवलं, आणि एका रविवारी पाण्याजवळचे ग्लासच संपले. पाण्याच्या बाबतीत हयगय चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३ जानेवारी २०२३ ला बाहेरचं खाणं आत आणू द्यायचं की नाही हे ठरवायचा हक्क टॉकीजवाल्याला दिला, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट मिळालंच पाहिजे हेही त्याच निकालात आहे, आणि तान्ह्या लेकराचं खाणं अडवायचं नाही हेही. त्यामुळे बाळाची पेजेची वाटी पाहून कुणाला हटकू नका. हा निकाल गेटवरच्या माणसांनाही सांगून ठेवा, सगळ्यांना माहीत नसतो.

रद्दीच्या कागदाची पुडी बांधून देऊ नका. आपण सगळे फुटाणे त्याच पुडीत खाऊन मोठे झालो हे खरं, पण छपाईची शाई तेलकट, गरम खाण्याला लागते. पातळ प्लास्टिकच्या पिशव्याही नाहीत. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे आणि दंड टॉकीजला होतो.

आणि आता सगळ्यात वाईट शॉर्टकट. माझा पगार कापला त्या रात्री एका जुन्या माणसानं मला बाजूला घेऊन उपाय सांगितला. शो सुटला की हॉलमध्ये जायचं, खुर्च्यांखालचे चांगले दिसणारे टब उचलायचे, पुसायचे, आणि गठ्ठ्यात घालायचे. मोजणी बरोबर येते. "सगळेच करते बे," म्हणाला. मी केलं नाही, पण त्या रात्री मनात आलं होतं, हे लपवत नाही. असं कुणी सांगितलं तर त्या माणसापासून लांब राहा, तो कितीही सिनियर असो. कुणाच्या तोंडचा, कुणी पान थुंकलेला टब पुसून लेकराच्या हातात द्यायचा? अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा सोडा बाजूला, तुमच्या घरचं कोणी त्या रांगेत उभं असतं. शॉर्ट आला तर आला. पैसे पुन्हा कमावता येतात.

शिकायचंच असेल तर हॉल झाडणाऱ्या मावशीकडून शिका. माझं मत पक्कं झालंय: कँटीनचा हिशेब तिच्याइतका कुणालाच कळत नाही. कोणत्या रांगेत किती टब पडले, कुठे एकात एक दोन सापडले, हे तिच्या डोळ्यांत असतं. ते रुतलेले दोन टब मला मावशीनंच दाखवले, महिनाभरानंतर, एक शब्दही न बोलता. मोबाईलवरचे 'कस्टमर हाताळायच्या पाच युक्त्या'वाले व्हिडिओ मी ढिगानं पाहिले. त्यात एकालाही इंटरव्हलची पंधरा मिनिटं माहीत नाहीत.

वाटून घेण्याच्या बाकीच्या मागण्या सोप्या आहेत. अर्धं खारं, अर्धं कॅरमल मागितलं तर बिल महागाच्या टबाचं, आणि कॅरमल खाली भरा, नाहीतर पाक वितळून मीठ चिकटतं. पाच मित्रांनी एका बिलाचे पाच युपीआय करायचे म्हटलं तर हसून नाही म्हणा, मागे रांग असते. रिफिलची योजना असेल तर टबाच्या कडेवर पेनानं खूण केल्याशिवाय दुसऱ्यांदा भरू नका. २०२३ च्या जुलैत जीएसटी परिषदेनं टॉकीजमधल्या खाण्यावर ५ टक्के हे स्पष्ट केलं, त्यावरून कुणी "स्वस्त झालं नं?" म्हणून वाद घातला तर शांतपणे बिलावरचा आकडा दाखवा.

मालक टबासाठी एवढा जीव का टाकतो, याचा मलाही आधी राग यायचा. तिकिटाचे पैसे वितरकाबरोबर वाटले जातात. कँटीनचे टॉकीजकडे राहतात. आमच्यासारख्या गावात, शेतीच्या हंगामात सकाळच्या शोला बारा माणसं असतात, तेव्हा विजेचं बिल कँटीन भरते. हे कळल्यावर मोजणी मला जाच वाटेनाशी झाली. पगार कापण्याची रीत मात्र मला आजही मान्य नाही. नुकसानीपोटी पगारातून पैसे कापायचे तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं, हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलंय. मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं नाही तर तुम्ही लेखी द्या: किती टब, कुणाला, कोणत्या शोला. मी नवीन पोरांना छोटी वही देते ती यासाठीच.

आणि घाबरू नका. १९ व्या दिवशी मी रडत होते, चौथ्या महिन्यात मोजणी सलग बरोबर यायला लागली. हात सावकाश बसतो, पण बसतो. पहिले पंधरा दिवस सकाळचा शो मागून घ्या. गर्दी कमी असते, टबाला नख लावायची सवय होते. मुलींनी रात्रीच्या शोला हो म्हणण्याआधी शेवटची एसटी किती वाजता आहे ते डेपोत विचारा, टॉकीजमध्ये नाही.

मागच्या तान्हा पोळ्याला एक आजोबा आले. टब घेतला, मी पाकिटं पुढे केली. त्यांनी मान हलवली, खांद्यावरचा दुपट्टा काढून काउंटरवर पसरला आणि म्हणाले, "याच्यात ओत माय." मी ओतलं. त्यांनी चार टोकांची गाठ मारली, रिकामा टब मला परत दिला आणि नातवांना घेऊन आत गेले. तो टब मी चेपून वेस्टेजच्या पेटीत टाकला, पुन्हा भरला जाऊ नये म्हणून.