जपानी एलपी घेताना: ओबी, बुरशी आणि साफसफाई

जपानी रेकॉर्डची ओढ बहुधा ओबीपासून लागते. ओबी म्हणजे कव्हरच्या डाव्या कडेला चढवलेला पाच-सहा सेंटिमीटर रुंदीचा कागदी पट्टा. किमोनोच्या कमरपट्ट्यावरून हे नाव आलं. अनेकांनी तो तेव्हाच फेकून दिला, म्हणून पट्ट्यासकट प्रत महाग पडते. पण ओबी दुसऱ्याच प्रतीवरची असू शकते. तिच्यावरचा क्रमांक कव्हरच्या कण्यावरच्या आणि लेबलवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा. किंमतही वाचा. जपानमध्ये 3 टक्के उपभोग कर 1 एप्रिल 1989 ला लागू झाला. या करासह किंमत छापलेली ओबी 1970 च्या दशकातली नव्हेच.

परदेशी संगीताची जपानी प्रेसिंग, म्हणजे जपानमध्ये दाबून काढलेल्या प्रती, शांत वाजतात, खरखर कमी असते. मात्र ती बऱ्याचदा तिकडे पाठवलेल्या टेपच्या नकलेवरून कापलेली असतात, त्यामुळे मूळ देशातल्या पहिल्या आवृत्तीपेक्षा सरस असतीलच असं नाही. जपानमध्येच ध्वनिमुद्रित झालेलं संगीत घ्या, तिथे जपानी प्रत हीच मूळ प्रत. 1970 मध्ये सुरू झालेल्या 'थ्री ब्लाइंड माइस' या जॅझ लेबलपासून सुरुवात करणं उत्तम.

विक्रेत्याच्या वर्णनात दोन शब्द शोधा: 'सोरी' म्हणजे तबकडी वाकलेली, 'काबी' म्हणजे बुरशी. जपानचा उन्हाळा दमट, त्यामुळे काबी नेहमीची. दिव्याखाली तबकडी तिरकी धरा. ओरखडा रेषेत दिसतो. बुरशीचे करडे-पांढरे ठिपके खाचांची पर्वा न करता पसरलेले असतात. तशीच वाजवलीत तर सुईच्या टोकाला गोळा जमतो आणि आवाज फाटतो.

कोरडा ब्रश मारू नका, बीजाणू हवेत उडतात, मास्क लावा. 150 मिली डिस्टिल्ड वॉटर, 50 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब एकत्र करा. लेबल कोरडं ठेवून मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने गोल पुसा, कधीही आडवं नाही. दोन मिनिटं मिश्रण मुरू द्या, पुन्हा पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. साबण राहिला तर तोच खरखर बनतो. उभी ठेवून अर्धा तास वाळवा. हे मिश्रण फक्त व्हिनाइलसाठी. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या अल्कोहोलने विरघळतात.

जुनं आतलं पाकीट टाकून द्या, बुरशी तिथूनच परतते. गाण्यांचे शब्द छापलेला कागद मात्र जपा, पण वेगळा. तोही बुरशी धरतो. बाहेरून पीव्हीसी प्लास्टिकचं पाकीट नको, ते कालांतराने तबकडीवर धुकट डाग पाडतं. 12.75 इंची पॉलिप्रॉपिलीन पाकीट घ्या आणि कव्हर ओबीच्या बाजूने आत सरकवा. उलट घातलंत तर पाकिटाची कड ओबीला अडकून ती फाटते. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर रेकॉर्ड उभ्या, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा दिव्याखाली तपासा.