नवीन कोर्सआधी गिट नीट शिका

सॉफ्टवेअरच्या नोकरीत रुजू झाल्यावर कोरी फाईल क्वचितच हाती येते. येतो तो आधीच्या कुणीतरी लिहिलेला, बऱ्यापैकी गुंतलेला कोड. म्हणून आणखी एका भाषेच्या मागे लागण्याआधी गिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर, हात बसवा. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी बनवलेलं हे साधन आज जवळपास सगळीकडे वापरतात. बहुतेक जण अ‍ॅड, कमिट (म्हणजे बदल एका संदेशासह नोंदवणं), पुश एवढ्या कमांडवर थांबतात. खरी गंमत त्यापुढे आहे.

एखादा छोटा ओपन सोर्स प्रकल्प उतरवून घ्या आणि एका फाईलवर 'गिट ब्लेम' चालवा. कोणती ओळ शेवटची कुणी, कधी बदलली ते दिसेल. मग त्या कमिटचा संदेश वाचा, म्हणजे बदल कशासाठी केला तेही कळेल. (संदेशात नुसतं 'फिक्स' असेल तर कपाळावर हात मारायचा आणि आपण तसं लिहायचं नाही.)

'गिट बायसेक्ट' तर शिकाच. फ्रेशर्समध्ये ते फार कमी जणांना येतं, असं माझं मत. एक चालणारी आणि एक बिघडलेली आवृत्ती सांगितली की मधल्या हजार कमिटांतून बग नेमका कुठे शिरला, हे दर वेळी निम्मी यादी बाद करत साधारण 10 पायऱ्यांत सापडतं.