बालीत राहायला जाताय? खर्चाच्या या चुका टाळा

हिंजवडीची नोकरी घरून चालते, मग बालीतून का नको, असं म्हणत निघालेल्या बऱ्याच जणांचा खर्चाचा हिशेब मी बघितला आहे. विचारात वावगं काहीच नाही. पण आकडे कुठल्यातरी व्हिडिओतून उचललेले असतात, आणि चुका दरवेळी त्याच.

सगळ्यात महागात पडते ती घरभाड्याची चूक. आपल्याला अकरा महिन्यांच्या कराराची सवय: डिपॉझिट द्यायचं, मग महिन्याच्या महिन्याला भाडं. बालीत ज्या भाड्याचं ‘किती स्वस्त!’ म्हणून कौतुक होतं, ते बहुतेक वेळा वर्षाच्या करारावरचं असतं आणि वर्षाचे पैसे आधी मोजावे लागतात. तेच घर महिन्याच्या बोलीवर घेतलं की बरंच महाग पडतं.

ओळखीतल्या एका जोडप्याने वाकडमध्ये बसून, नुसते फोटो बघून, चांगूतला व्हिला वर्षभरासाठी ठरवला आणि पूर्ण रक्कम एजंटाला पाठवून दिली. पोहोचले तर शेजारच्या भातखाचरात बांधकाम सुरू, सकाळी सातपासून मिक्सरची घरघर. फोटोत सुंदर दिसणाऱ्या बैठकीला तीन बाजूंनी भिंतीच नव्हत्या, त्यामुळे ऑफिसचे कॉल बेडरूममध्ये एसी लावून घ्यायचे. वीज प्रीपेड. वीस आकडी टोकन मीटरवर एकेक बटण दाबून भरायचं, आणि शिल्लक संपत आली की मीटर टीं-टीं करत राहतो. एसी दिवसभर चालू, म्हणून त्यांचा मीटर सारखाच ओरडायचा. शेवटी कंटाळून दोघं सानूरला दुसऱ्या घरी गेले. उरलेल्या महिन्यांचा एक पैसाही परत आला नाही, कारण करारात तसं कलमच नव्हतं.

म्हणून माझं सांगणं ठाम आहे: पुण्यातून वर्षाचं भाडं पाठवू नका. पहिला महिना गेस्टहाऊसमध्ये किंवा कोसमध्ये काढा. कोस म्हणजे तिथली महिन्याच्या भाड्याची खोली. मग घर बघायला दोनदा जा, सकाळी आणि रात्री. वीजजोडणी किती वॅटची, पाणी बोअरचं का, कचऱ्याचे आणि बंजारचे, म्हणजे वस्तीच्या स्थानिक मंडळाचे, पैसे कोण भरणार, हे विचारा. एवढा धीर नसेल, तर महिनाभर सुट्टी काढून फिरून या. त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी चूक व्हिसाचा खर्च महिन्याच्या हिशेबात न धरण्याची. विमानतळावर मिळणारा व्हिसा 5 लाख रुपियांचा आणि 30 दिवसांचा. एकदाच वाढवता येतो, त्याचे पुन्हा 5 लाख. (आपल्या एका रुपयाला साधारण पावणेदोनशे ते दोनशे रुपिया.) साठ दिवसांनी देशाबाहेर पडावंच लागतं. परदेशी लोक व्हिडिओत ‘सिंगापूरला जाऊन या’ म्हणतात, पण भारतीय पासपोर्टवर सिंगापूरलाही आधी व्हिसा काढावा लागतो. मुदत उलटली तर दंड दिवसाला 10 लाख रुपिया. शिवाय हा व्हिसा नोकरीसाठी नाही. दूरस्थ काम करणाऱ्यांचा ई-33-जी व्हिसा वेगळा, आणि त्याला वर्षाला 60,000 डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. ‘सगळे असंच करतात’ हा सल्ला देणारा दंड भरायला येत नाही.

खाण्याचं सोपं आहे. वारुंगमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या खानावळीत, भात, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), भाजी असं जेवलात तर स्वस्त. चीज, वाइन आणि कॅफेतला नाश्ता रोज हवा असेल तर कोरेगाव पार्कपेक्षा कमी खर्च होईल ही आशा सोडा. शाकाहाऱ्यांनी सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, तेरासी आहे का ते विचारावं, ती कोळंबीची असते.

मेनूवर ‘++’ दिसलं की कर आणि सेवाशुल्क वेगळं.

नळाचं पाणी पिऊ नका. 19 लिटरचा जार घ्या.

रस्त्याकडेच्या फार चढा दर देणाऱ्या दुकानात पैसे बदलू नका. नोटा मोजताना हातचलाखी होते. अधिकृत परवान्याची पाटी बघा, आणि शेवटची मोजणी तुमच्याच हातून झाली पाहिजे.

राहिली स्कूटर. भाडं किरकोळ, म्हणून पहिल्याच दिवशी सगळे घेतात. पण दुचाकीचा वैध परवाना नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि खासगी इस्पितळाचं बिल सगळं तुमच्यावर येतं. निघण्याआधीच पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, त्यावर दुचाकीची नोंद आहे ना ते बघा, आणि पॉलिसीतलं दुचाकीचं कलम पैसे भरण्याआधी वाचा.