ई-90 325आय: वॉटर पंप घरी बदला, पण हवा काढताना इंजिन चालू करू नका

बीएमडब्ल्यू 3 सिरीजच्या ई-90 पिढीतल्या 325आयला टेंपरेचरचा काटाच नाही. त्या जागी त्या क्षणाचं मायलेज दाखवणारा काटा आहे, त्याकडे बघून फक्त जीव खालीवर होतो. त्यामुळे इंजिन गार ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, फिरवणारा वॉटर पंप मरायला लागला की आधी काही कळत नाही. एकदम पिवळं चिन्ह येतं, मग लाल, पुढचा पंखा विमानासारखा घोंगावायला लागतो आणि गाडी ओढेनाशी होते. लाल चिन्ह दिसलं की तिथेच बाजूला घ्या. ‘घाट उतरेपर्यंत चालवतो’ असं म्हणणाऱ्यांच्या इंजिनची हेडं (वरचे भाग) तापून वाकडी झालेली मी पाहिली आहेत.

या गाडीतल्या एन-52 इंजिनाचा पंप बेल्टवर फिरत नाही. तो 200 वॉटच्या विजेच्या मोटरवर चालतो, आणि त्याला किती वेगाने फिरायचं ते इंजिनचा कॉम्प्युटर सांगतो. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ हे विसरल्यामुळे होतो. माझ्या 2008 च्या गाडीचा पंप 94 हजार किलोमीटरवर गेला. आता लाखाच्या आसपास आलेली गाडी कोणी विकत घेतली की मी पहिलं हेच सांगतो, पंप आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) दोन्ही बदलून टाक. दोन्ही एकमेकांना चिकटून बसवलेले असतात. एकच बदलून वाचवलेले पैसे सहा महिन्यांनी दुप्पट मजुरीत जातात.

सामान: पंप, थर्मोस्टॅट, पंपाचे नवे ॲल्युमिनियमचे बोल्ट, ई-टॉर्क्स सॉकेट (चांदणीच्या आकाराच्या डोक्याच्या बोल्टांसाठी), बीएमडब्ल्यूला चालणारं निळं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. टपरीवरचं हिरवं कूलंटही नको. सगळी मिळून सुमारे आठ लिटरची यंत्रणा आहे, थोडं जास्तच मिसळून ठेवा.

बोल्टांबद्दल दोन शब्द. या इंजिनचा ब्लॉक मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचा आहे. त्यात लोखंडी बोल्ट घातला तर मॅग्नेशियम कुरतडलं जातं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याचा ‘सेम साइज, साहेब’ ऐकू नका. जुने ॲल्युमिनियमचे बोल्टही पुन्हा वापरू नका, ते एकदाच ताणायचे असतात. आवळताना टॉर्क पाना वापरा. मनगटाच्या अंदाजाने आवळला तर बोल्टाचं डोकं हातात येतं आणि उरलेला तुकडा ब्लॉकमध्ये राहतो.

गाडी पूर्ण गार झाल्यावर स्टँडवर घ्या, खालचं प्लास्टिकचं कव्हर काढा. हात जायला स्टॅबिलायझर बारचे (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) ब्रॅकेट सोडवून बार थोडा खाली घ्या. होज (रबरी नळ्या) सुटले की कूलंट कोपरापर्यंत येणार, रुंद तसराळं आधीच खाली ठेवा. ते सांडू देऊ नका. चवीला गोड आणि विषारी असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात. कनेक्टर काढा, पंप-थर्मोस्टॅट बदला, होजच्या क्लिपा ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवा. दुपार जाते, पण यात डोकं लावण्यासारखं काही नाही.

डोकं लागतं ते यंत्रणेतली हवा काढताना. माझे तीन रविवार इथे गेले.

पहिल्या रविवारी मी जुन्या मारुतीला करायचो तेच केलं. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडं ठेवलं, इंजिन चालू केलं, मित्राला हळूहळू रेस द्यायला लावली आणि बुडबुडे संपण्याची वाट बघत बसलो. बुडबुडे संपले, आम्ही चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी खंबाटकीच्या चढावर पुन्हा लाल चिन्ह. पंप कोरा करकरीत होता, पण त्याच्या पोटात हवेचा गोळा अडकलेला. बेल्टवरचा पंप रेस दिली की जोरात फिरतो. हा विजेचा पंप तुमच्या रेसला विचारत नाही, कॉम्प्युटर म्हणेल तेवढाच फिरतो. थंड इंजिनला तर तो फारच कमी फिरवतो. म्हणून कोणी ‘झाकण उघडं ठेवून रेस दे’ म्हणालं, तर त्याला या गाडीपासून लांब ठेवा.

बरोबर रीत अशी आहे. आधी टाकी कमाल खुणेपर्यंत हळूहळू भरा, पातळी खाली जायची थांबेपर्यंत. कोरडा पंप फिरवायचा नाही, म्हणून भरण्याआधी इग्निशनला हातही लावू नका. मग झाकण घट्ट बंद करा. बॅटरीला चार्जर लावा. बॅटरी डिकीत आहे, पण चार्जरसाठी बॉनेटखाली टर्मिनल दिलेलं आहे. त्यानंतर किल्ली खाचेत घाला आणि स्टार्टचं बटण ब्रेकवर पाय न ठेवता दाबा. गिअर हाताचा असेल तर क्लचवरही पाय नको. डॅशबोर्ड उजळला पाहिजे, इंजिन चालू होता कामा नये. तापमान दोन्ही बाजूंना सगळ्यात गरम करा, ब्लोअर सगळ्यात कमी ठेवा. आता ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून दहा सेकंद धरा. मी बारापर्यंत मोजतो.

पाय काढला की पुढून बारीक घरघर सुरू होते. पंप कधी जोरात, कधी हळू फिरतो, मधूनच होजमधून गुळगुळ आवाज येतो. हे साधारण 12 मिनिटं चालतं आणि आपोआप थांबतं. तोवर काही करायचं नाही. झाकण उघडून बघायचं नाही, किल्ली काढायची नाही.

दुसऱ्या रविवारी मी चार्जर न लावता हे केलं. सातव्या मिनिटाला डॅशबोर्ड मंदावला, पंप थांबला, पुन्हा हवा आतच. तिसऱ्या रविवारी चार्जर लावला आणि सवयीने ब्रेकवर पाय गेला. इंजिन चालू! बायको गॅलरीतून म्हणाली, ‘झाली वाटतं दुरुस्त.’ मी काही बोललो नाही. तेव्हापासून मी हे काम ड्रायव्हरच्या बाजूला उभं राहून करतो. बटण हाताने, मग पेडल हाताने दाबून धरायचं. पाय आत न्यायचाच नाही.

बारा मिनिटं झाली की झाकण उघडून पातळी बघा. खाली गेलेली असणार, कमाल खुणेपर्यंत भरा. पातळी बरीच खाली गेली असेल तर पुन्हा एक फेरी करा. पण लगेच नाही. किल्ली काढून तीन मिनिटं थांबा, म्हणजे कॉम्प्युटर पूर्ण झोपतो. न थांबता पुन्हा पेडल दाबलं तर पंप सुरूच होत नाही, आणि नवा पंपच खराब निघाला असं समजून माणसं दुकानदाराशी भांडायला जातात. मीही निघालो होतो. माझ्या गाडीला दोन फेऱ्या लागतात.

मग चक्कर मारून या, आधी घराजवळ, नंतर थोडा चढ. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) घेतलात तर कूलंटचं खरं तापमान फोनवर दिसतं, काटा नसलेल्या गाडीला तो असलाच पाहिजे. हीटर लावून बघा. इंजिन गरम असूनही गार वारा आला तर हवा अजून आत आहे.

खालचं कव्हर त्या दिवशी लावू नका. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर निळा डाग असेल तर होजची क्लिप नीट बसलेली नाही. तपकिरी तेलाचा डाग असेल तर तो पंपाचा नाही, ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट गळत असेल. या इंजिनला ती खोडच आहे. ते तेल बेल्टवर पडतं, म्हणून तेही पुढच्या रविवारी. पुठ्ठा कोरा असेल तर गार इंजिनवर पातळी एकदा शेवटची बघून कव्हर लावा.