जैसलमेरचा उन्हाळा: आधी कुलरची ताडपत्री

आम्ही अकोल्याचे. उन्हाबद्दल कोणी शिकवायला लागलं की आम्हाला हसू येतं. नवऱ्याची बदली पवनचक्क्यांच्या कामावर जैसलमेरला झाली तेव्हाही हसलो होतो. पहिल्याच मे महिन्यात आंधीत, म्हणजे धुळीच्या वादळात, सगळ्या घराच्या दातांखाली वाळू करकरली. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये इकडे बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

तारीख तुमच्या हातात असेल तर लहान मूल किंवा दम्याचं माणूस घेऊन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. हातात नसेल तर पुढचं वाचा. सुती कपडे, टोपी, ओआरएस हे सांगत बसत नाही. मास्क मात्र एन-९५ आणि खोकाभर घ्या. ओढणी लू, म्हणजे उन्हाळी झळ, लागू नये म्हणून ठीक, बारीक धूळ तिच्यातून आरपार जाते. गॉगल बाजूंनी बंद असलेला हवा. लेन्स लावणाऱ्यांनी लेन्सऐवजी चष्मा वापरावा. दम्याचं औषध डॉक्टरांना विचारून जास्तीचं आणा आणि गाडीत ठेवून विसरू नका, उन्हात उभ्या गाडीची भट्टी होते.

आता कुलर. आपण वैदर्भीय कुलरवाले. ताट्या (कुलरच्या बाजूंना लावायच्या वाळ्याच्या, पाण्यानं भिजणाऱ्या जाळ्या) बदलणं, पंप साफ करणं आपल्याला झोपेतही जमतं. त्याच फाजील आत्मविश्वासानं मी आपटले. कुलर बाहेरची हवा ओढून खोलीत फेकतो, हे माहीत असून डोक्यात आलं नाही. आंधी दिसली तेव्हा मी खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत ओलं पोतं कोंबलं आणि कुलर चालूच ठेवला. ओल्या ताट्या धूळ अडवतील असा हिशेब! जरा वेळ अडवली असेल. मग टाकीत चिखल झाला, पंप बसला, ताट्या सुकल्या आणि पंखा सगळं वाळवंट घरात ओढू लागला. ओट्यावरच्या दह्यावर पिवळी साय धरली होती. आईंचा खोकला त्या रात्री थांबला नाही.

तेव्हा आंधी दिसली की आधी कुलर बंद. पंप नाही, पंखा. पुष्कळजण पाणी बंद करतात आणि पंखा चालू ठेवतात, म्हणजे उरलीसुरली ताटीही कोरडी. पंखा बंद करा आणि कुलरच्या बाहेरच्या तिन्ही बाजूंवर ताडपत्री टाकून दोरीनं आवळा. ही ताडपत्री आंधीच्या दिवशी बाजारात शोधायची नाही. कुलर घेतानाच मापून घ्या, कडी-दोरीसकट. आणि वीज गेली असेल तर बटण बंदच ठेवा. आंधीत वीज जाते, मध्येच येते, आणि आपण मागच्या खोलीत असताना कुलर आपोआप सुरू होतो. घरातल्या प्रत्येकाला हे दाखवून ठेवा, आजींनाही. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, तो चालेल, फक्त जाळी धूत राहा.

आंधी ओळखायची कशी? बहुधा दुपार कलल्यावर ढग येतात, वारा एकदम पडतो आणि क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहते. ढगातून खाली कोसळलेली गार हवा जमिनीवर पसरताना धूळ उचलते. ही भिंत लवकर ओसरते. दुसरा प्रकार जास्त छळतो: मे-जूनमध्ये नैर्ऋत्येचा जोराचा वारा दिवसचे दिवस धूळ उडवत राहतो, भिंतबिंत काही दिसत नाही, आकाश नुसतं मळकट. त्या दिवसांतही कुलरचा मोह आवरा. मोबाइलवरच्या हवेच्या आकड्यावर विसंबू नका. सरकारी निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर निघतो, आत्ता दारात आलेली आंधी त्यात दिसत नाही. बघायचंच तर पीएम१०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांचा आकडा, बघा; इथली उन्हाळी धूळ मुख्यतः जाड कणांची असते. त्याची २४ तासांची मर्यादा दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम आहे.

उष्णतेचं एवढंच सांगते की जोधपूरकडून येताना लागणाऱ्या फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदले गेले. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात लावू देत नाही, बादल्या पहाटेच भरा. गाडीत असताना आंधीनं गाठलं तर रस्ता सोडून लांब थांबा, दिवे बंद करा. नाहीतर मागचा तुमच्या दिव्यामागे येऊन आदळतो.

आंधीनंतर झाडू नको, ओलं फडकं. झाडलं की सगळं परत नाकात. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायचे, रडू नका. आणि कुलर लगेच लावायचा नाही! आधी टाकी उपसा, ताट्या झटका, मग पंप, मग पंखा.

पावसाळा नावापुरता. थंडीत जानेवारीच्या रात्री सात-आठ अंशांपर्यंत उतरतात, रजई इथेच घ्या. कुलर रिकामा करून झाका. ताडपत्री दुसऱ्या कामाला कोणी नेली तर ओरडा, मार्चमध्ये ती सापडत नाही.