मॉडेल इंजिन एकोणिसाव्या शतकात नेताना या चुका टाळा

बेळगावजवळच्या खानापूरचा एक मित्र दिवाळीत आपलं रेल्वेचं मॉडेल इंजिन दाखवायला घेऊन आला. एचओ मापाचं (1:87, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं), तीन जोड चाकांचं, विकत आणलेलं टँक इंजिन, म्हणजे पाणी अंगावरच्याच टाक्यांत नेणारं. त्यावर त्यानं उंच धुराडं बसवलं होतं, पितळी घुमट चिकटवला होता, पुढं काउकॅचर, म्हणजे रुळावरची गुरं बाजूला सारणारी जाळी, लावला होता. हात सफाईदार होता, पण इंजिन काही केल्या 1880 च्या सुमाराचं वाटेना. जुनेपणा त्यानं वरून चढवला होता, आणि बहुतेकांची चूक इथूनच सुरू होते. त्या काळचं इंजिन म्हणजे बारीक बॉयलरचं, उघड्यावाघड्या केबिनचं, सडपातळ यंत्र. तिथवर पोचायचं तर आधी बरंच काही काढून टाकावं लागतं.

धुराडं आधी, बॉयलर नंतर

जुन्या इंजिनांची धुराडी उंच का असत, हे कळलं की अर्धं काम सोपं होतं. इंजिनाची एकूण उंची ठरवतात वाटेतले पूल आणि बोगदे. ती मर्यादा फारशी बदलली नाही. बॉयलर मात्र जाड होत गेला, वर सरकत गेला, आणि उरलेल्या जागेत धुराडं आखूड होत गेलं. म्हणून जाड बॉयलरवर उंच धुराडं लावलं की जे तयार होतं, ते खऱ्या मार्गावर कॅसलरॉकच्या घाटातल्या पहिल्याच बोगद्याला धडकलं असतं. डोळ्याला हे लगेच खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी.

तेव्हा आधी बॉयलर बदला. त्या काळच्या लहान इंजिनाचा बॉयलर साधारण एक मीटर व्यासाचा धरला, तर 1:87 मापात तो साडेअकरा मिलिमीटर होतो. मार्कर पेनांच्या नळ्या वर्निअरनं मोजत गेलात तर एखादी नेमकी मापाची सापडते. बॉयलरच्या पुढचा धूरपेटीचा भाग आखूड ठेवा; लांब धूरपेटी पुढच्या काळातली. विजेचा हेडलाइट काढून तेलाचा दिवा लावा. बंद केबिन कापून समोर नुसता आडोशाचा पत्रा आणि वर छोटं छत एवढंच ठेवा.

कुठलं इंजिन, कुठल्या साली?

"जुनं इंजिन" एवढं ठरवून करवत हातात घेऊ नका. आपल्या भागात घरोघरी लोंढा जंक्शनातल्या वाफेच्या इंजिनांच्या आठवणी आहेत. माझे वडीलही सांगत. पण त्यांनी पाहिलेली इंजिनं वायपी आणि वायजी या वर्गांची, म्हणजे स्वातंत्र्यानंतरची. त्यांच्या वर्णनावरून एकोणिसावं शतक उभं राहणार नाही.

आपला मार्ग सदर्न मराठा रेल्वेचा. ही कंपनी 1882 मध्ये स्थापन झाली. 1908 मध्ये ती मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि नाव झालं मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, हे जोडनाव रंगवून कुणी 1890 चं इंजिन म्हणून दाखवलं, तर बाकीचं सगळं काम बरोबर असूनही ते चुकलेलंच. नमुना म्हणून मी एफ वर्गाचं 0-6-0 इंजिन सुचवेन, म्हणजे पुढंमागं लहान चाकं नसलेलं, फक्त सहा मोठ्या चाकांचं. मीटरगेजवरचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या मार्गावरचा, हा जुना आणि भरपूर वापरला गेलेला वर्ग. 1895 मध्ये अजमेरच्या कारखान्यात बांधलेलं एफ-734 दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. मात्र संग्रहालयातल्या कुठल्याही इंजिनावर पुढच्या काळातले फेरबदल असू शकतात. म्हणून जुना फोटो मिळाला तर शब्द त्याचाच.

रुळाची रुंदी

आपल्याकडच्या तरुण मुलांनी बेळगाव स्टेशनात ब्रॉडगेजच पाहिलंय, कारण 1990 च्या दशकात मार्ग रुंद झाला. त्याआधी इथं मीटरगेज होतं, आणि विकतचं एचओ इंजिन ना इकडचं ना तिकडचं. त्याच्या दोन रुळांतलं अंतर 16.5 मिलिमीटर. 87 नं गुणलं की 1435 मिलिमीटर येतात, म्हणजे युरोपातला स्टँडर्ड गेज. आपला मीटरगेज 1:87 मध्ये साडेअकरा मिलिमीटर होतो. त्याला 12 मिलिमीटरचे रूळ चालतात. फरक डोळ्याला दिसत नाही. टीटी मापाची, म्हणजे 1:120 ची इंजिनंही 12 मिलिमीटरवरच धावतात. त्यांचा सांगाडा घेऊन त्यावर 1:87 चं अंग चढवणं हा मला सगळ्यात चांगला मार्ग वाटतो. फक्त चाकं मोजून घ्या: 12 मिलिमीटर व्यासाचं चाक 1:87 मध्ये 1044 मिलिमीटरचं होतं, आणि मालगाडीच्या लहान इंजिनाला ते शोभतं.

याच्याच जोडीची चूक बफरची. पुढच्या पट्टीवर डावी-उजवीकडं दोन बफर दिसले की ते इंजिन आपल्या मीटरगेजचं नाही. आपल्याकडं मधोमध एकच बफर आणि त्यालाच आकडा. दोन्ही बफर कापा, भोकं बुजवा.

टाक्या कापल्या आणि आत मोटर दिसली

टँक इंजिनाच्या बाजूच्या टाक्या कापून टेंडर इंजिन करायचं, हा मोह सगळ्यांना होतो. पण टाकी जिथं झाकते तिथं बऱ्याच मॉडेलांत खाली बॉयलर घडवलेलाच नसतो. टाकी गेली की मोठी फट पडते आणि तिच्यातून मोटर डोकावते. म्हणून आधी अंग उचलून मोटरची रुंदी-उंची लिहून घ्या. साडेअकरा मिलिमीटरच्या बॉयलरमध्ये ती मावणार नसेल, तर मोटर टेंडरमध्ये हलवा. टेंडरची चाकं फिरून इंजिन ढकललं गेलं तरी चालतं, आणि केबिन खरोखर मोकळी राहते.

घुमट

घुमटासाठी एमसीलचा गोळा वळू नका. तो कधीच सरळ होत नाही. बेळगावात राहून तर नकोच. उद्यमबागेत लेथवर पितळी सळईतून असा घुमट वळून मिळतो. मी गेलो तेव्हा लेथवाल्या मामांनी कागदावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "खाली सपाट ठेवू काय वो? बसणार कशावर हे?" नेमका तोच प्रश्न. गोल बॉयलरवर सपाट बुडाचा घुमट बसत नाही, कडेनं फट राहते, आणि ती भरायला गेलं की गोंद बाहेर येतो. त्यावर उपाय सोपा. बॉयलरच्या नळीवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून गुंडाळा आणि घुमटाचं बूड त्यावर नळीच्या लांबीच्या दिशेनं घासत राहा. दहा-पंधरा मिनिटांत बुडाला नळीचाच बाक येतो. मग उजेडासमोर धरा. खालून उजेडाची रेघ दिसेनाशी झाली की चिकटवा. चिकटवायला फेविक्विक वापरायचं तर थेंबभरच. ते जास्त झालं की आसपासच्या रंगावर पांढरी झाक चढते, आणि आपल्या पावसाळी हवेत जरा जास्तच.

चाकं जागच्या जागी फिरतात

इतकं कापल्यावर इंजिन हलकं होतं, आणि दोन डब्यांतच चाकं घसरायला लागतात. बॉयलरमध्ये (मोटर टेंडरमध्ये हलवली असेल तर टेंडरमध्ये) गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या भरा, पण पांढऱ्या सुतारी गोंदानं मुळीच चिकटवू नका. शिसं आणि त्या गोंदाची हळूहळू रासायनिक क्रिया होते, भरलेलं फुगतं, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी बॉयलर फुटतो. माझं एक इंजिन असंच गेलं. शिवणीपाशी उभी चीर पडली. इपॉक्सी वापरा. शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवा, आणि मुलांना त्या डब्याजवळ येऊ देऊ नका.

सरळ धावतं, वळणावर थांबतं

इंजिन एका रुळावरून वीज घेतं आणि टेंडर दुसऱ्या, असं असेल तर वळणावर दोघांचा धातू एकमेकांना टेकला की शॉर्ट होतं. जोडणारा दांडा प्लॅस्टिकचा करा, टेंडरच्या समोरच्या कडेला आतून चिकटपट्टी लावा, मल्टिमीटरनं तपासा. शॉर्ट नसेल तर नव्यानं लावलेला एखादा पाइप किंवा पायरी चाकाला अडते का ते पाहा.

रंग

जून ते सप्टेंबर स्प्रे मारू नका. हवेतली ओल ताज्या रंगात अडकून दुधाळ डाग येतात. डाग आलाच तर घासत बसू नका. कोरड्या उन्हाच्या दिवशी त्याच रंगाचा पातळ हात द्या, बहुतेक वेळा निघून जातो. लॅकर थिनरनं पुसायला गेलात तर प्लॅस्टिकच विरघळेल. आणि निव्वळ काळा रंग टाळा. एवढ्या लहान वस्तूवर त्यात सगळे बारकावे बुडतात. काळ्यात थोडा राखाडी मिसळा. खानापूरच्या मित्राचं इंजिन आता नव्या बॉयलरसह माझ्याच टेबलावर आहे, प्राइमर मारलेलं. बाकीचे हात दसऱ्यानंतर.